शेजारी देश : आपल्याला नक्की काय ठाऊक असतं? (सुरुवात ब्रह्मदेशापासून)

पाटपाणी (धागाकर्ता)

२८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ क्षमतेचा भूकंप झाला. केंद्र मंडाले आणि सगाइंगच्या जवळ. तीन हजारांवर माणसं गेली. त्या दिवशी माझ्या जवळजवळ सगळ्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर फिरत होते ते मात्र बँकॉकचे व्हिडिओ. गच्चीवरच्या तलावातलं पाणी खाली सांडतंय, बांधकाम चालू असलेली उंच इमारत बघता बघता खाली बसतेय. चौकशीही बँकॉकचीच, कारण कोणाचे तरी काका-काकू टूरवर गेले होते. काळजी साहजिकच आहे, तक्रार नाही. पण मंडालेबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही, आणि मंडाले हे नाव तर मराठी पोराला शाळेपासून पाठ असतं!

विचार केला तर लक्षात येतं की आपल्याला मंडाले माहीत आहे ते तुरुंग म्हणून. टिळक १९०८ ते १९१४ तिथे होते, तिथेच त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं. संपलं. हे ब्रह्मदेशाच्या राजांच्या शेवटच्या राजधानीचं शहर, टिळक येण्याच्या तेवीस वर्षं आधी इंग्रजांनी ते राज्य गिळलं होतं, तिथल्या लोकांचाही इंग्रजांशी झगडा चालला होता, यातलं काही आपल्या धड्यात नव्हतं. आणखी एक. टिळकांना आपण 'परदेशात' पाठवलं म्हणतो, पण ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. वेगळा झाला १९३७ साली. म्हणजे मधली पन्नासेक वर्षं पुणे आणि मंडाले एकाच सरकारच्या कारभारात होते.

माझं म्हणणं असं की शेजारी देश आपल्याला आठवतो तो आपल्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून. टिळकांच्या गोष्टीत तुरुंग, नेताजींच्या गोष्टीत रंगून, १९७१ च्या गोष्टीत ढाका. आपल्या माणसाचं काम झालं की पडदा पडतो आणि त्या देशाचं पुढे काय झालं ते विचारायला कोणी थांबत नाही.

म्यानमारशी आपली हद्द १६४३ किलोमीटरची आहे. अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम अशी चार राज्यं त्याला लागून आहेत. नागालँडच्या लोंग्वा गावात तर हद्द गावच्या प्रमुखाच्या, म्हणजे आंगच्या, घरातूनच जाते. तरी 'भारताचे शेजारी सांगा' म्हटलं की पाकिस्तान, चीन, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका होऊन गाडी भूतानवर थांबते. पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाचं नाव सांगणारे गल्लोगल्ली भेटतील. म्यानमारची राजधानी विचारा, दहातले नऊ रंगून म्हणतील. ती नेपिडोला हलवून वीस वर्षं झाली.

तर इथल्या लोकांनी लिहा. कुठल्याही शेजारी देशाशी तुमचा कामाधंद्याने, प्रवासाने, नात्याने संबंध आला असेल तर तिथलं काय कळलं? आणि त्यांना आपल्याबद्दल काय माहीत असतं? गूगल करून लिहू नका प्लीज, ते मलाही करता येतं.

---

चिंचोके

पुण्याच्या माणसाला सोलापूरची माहिती नसते आणि तुम्ही मंडालेचं काय घेऊन बसलात? कोल्हापूरकराला गडचिरोली म्हणजे नक्षलवादी एवढंच माहीत. हे परदेशाबिरदेशाचं नाही, माणूस आपापल्या पोटापाण्यापुरतं बघतो. उगाच न्यूनगंड कशाला?

---

मिऱ्याबंदर

रत्नागिरीचा असल्यामुळे लिहिणं भाग आहे. आमच्याकडे थिबा पॅलेस आहे, थिबा पॉइंट आहे, थिबाच्या नावाने रिक्षा थांबतात. आणि प्रत्येक गाइड एक वाक्य हमखास ऐकवतो : मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत कैदेत, एकाच वेळी. टाळ्या पडतात. वाक्य खरं आहे. थिबाला १८८६ मध्ये इथे आणलं आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. पण बहुतेकांची थिबाबद्दलची माहिती त्या टाळीपाशीच संपते.

पुढचं असं. राजवाडा त्याला मिळाला १९१० च्या सुमाराला, म्हणजे चोवीसेक वर्षं तो इतर बंगल्यांत राहिला आणि राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं. राजा गेल्यावर कुटुंबाला १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. राणी सुपयालत रंगूनमध्ये वारली, तिची कबर तिथे श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. त्याच भागात आपल्या बहादूरशहा जफरची मजारही आहे. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठी बोलायची. राजाची नात साध्या घरात राहत होती हे जुन्या रत्नागिरीकरांना चांगलं ठाऊक आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास थिबाच्या समाधीला आले होते. गावात बंदोबस्त लागला तेव्हा निम्म्या लोकांना समाधी कुठे आहे हेच माहीत नव्हतं. पॅलेसवर सगळे जातात, समाधीकडे कोण फिरकतो? त्यांच्या दृष्टीने उलट आहे. पॅलेस ही कैदखान्याची इमारत, समाधी हे दर्शनाचं ठिकाण.

चिंचोके, सोलापूरचा मुद्दा बरोबर आहे, पण राजाच्या नावाने रिक्षा स्टँड असलेल्या गावाने तरी थोडं जास्त जाणायला हवं की नाही?

---

मोंढा_लातूर

आमचा डाळीचा धंदा. पोटापाण्यापुरतं बघतो असं वर कोणीतरी म्हणालं, तर पोटापाण्यासाठीच आम्हाला रोज बर्मा बघावा लागतो. (म्यानमार आमच्यात कोणी म्हणत नाही. 'बर्मा लेमन' म्हणजे तिकडची तूर.)

तुमच्या घरातल्या वरणात आणि मेदूवड्यात बर्मा असण्याची शक्यता बरीच आहे. बाहेरून येणाऱ्या उडदात सगळ्यात मोठा वाटा तिकडचा. तूर आफ्रिकेतूनही येते, पण लेमन तूर जवळची. गंमत अशी की ते लोक स्वतः तूर फारशी खात नाहीत. मंडाले, मागवे, सगाइंगच्या कोरड्या पट्ट्यात जी पिकते ती जवळजवळ सगळी भारतासाठी. म्हणजे पेरायचं का नाही हे तिथला शेतकरी आपल्याकडे बघून ठरवतो.

आता २०१६-१७ आठवा. आपल्याकडे तूर उदंड झाली. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, शेतकरी रात्र रात्र पोत्यावर झोपलेले. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते बरोबर होतं, त्यावर वाद नाही. पण तिकडे एका रात्रीत भाव कोसळला. ज्यांनी भारताच्या भरवशावर पेरलं होतं त्यांना दुसरं गिऱ्हाईकच नाही. माझा तिकडचा दलाल (मूळ गुजराती, आजोबांपासून रंगूनला) फोनवर म्हणाला, "तुमच्या दिल्लीत एक कागद निघतो आणि आमच्या गावात लग्नं मोडतात." २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली आणि दोन्ही सरकारांचा करारही झाला, वर्षाला उडीद अडीच लाख टन आणि तूर एक लाख टन, पाच वर्षांसाठी. तेव्हापासून जरा हालचाल आहे.

त्यांना भारताचं काय माहीत, तर लातूर माहीत आहे, अकोला माहीत आहे, आपल्याकडे पाऊस किती झाला तेही आठवड्याच्या आठवड्याला माहीत आहे. आम्हाला काय माहीत, तर चेन्नईला बोट कधी लागणार आणि डॉलरचा भाव. तिकडे डॉलरचे दोन भाव असतात, सरकारी २१०० क्यात (तिकडचं चलन) आणि बाजारात त्याच्या दुप्पट. निर्यातदाराला काही डॉलर सरकारी भावाने द्यावे लागतात, तो तोटा तो आपल्या भावात चढवतो. राज्य लष्कराचं आहे आणि कुठे कुठे लढाई चालू आहे, हेही आम्हाला 'माल उशिरा येणार' या रूपातच कळतं.

---

पाटपाणी

मोंढा, फार छान प्रतिसाद! नेमकं हेच हवं होतं. दलालाचं वाक्य डोक्यातून जाणार नाही.

---

लेंगा_ते_लाँजी

यांगूनला औषध कंपनीच्या कामासाठी काही वर्षं होतो. २०२१ च्या लष्करी उठावानंतर कंपनीने परत बोलावलं. थोडं लिहितो.

तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच असतं, कारण त्या जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या. १९७० मध्ये एका फटक्यात वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, शेजारी बसलेला सांगतो. ते काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आलं.

आडनाव हा प्रकार नाही. कामावरच्या एका मुलीला बुद्धगयेला जायचं होतं. व्हिसाच्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना, ती म्हणाली मला नाहीच. नाव तीन तुकड्यांचं होतं, त्यातला शेवटचा तुकडा आम्ही आडनाव म्हणून टाकला. तिच्या बहिणीने पहिला टाकला. बुद्धगयेत हॉटेलवाल्याचा विश्वासच बसेना की या सख्ख्या बहिणी.

आपल्याकडे पहिल्या भेटीत 'गाव कुठलं' विचारतात, तिथे थोडी ओळख झाली की 'जन्म कुठल्या वारचा' विचारतात. श्वेडगॉनला प्रत्येक वाराचा वेगळा कोपरा असतो, तिथल्या मूर्तीवर पाणी घालायचं. वार आठ, कारण बुधवारचे दोन भाग. मला माझा वार माहीत नव्हता, आईला फोन करून विचारला. तिने आधी 'कोणाशी लग्न ठरवतोयस का' असं विचारलं.

चहाच्या टपऱ्या पाहिल्या तर घरी आल्यासारखं वाटतं. बुटकी स्टुलं, घट्ट गोड चहा, समोसा. समोसा मात्र कापून, त्यावर चणे, कोबी, पुदिना, लिंबू घालून खातात. पुण्या-मुंबईच्या लग्नांत लाइव्ह काउंटरला जे खाऊ स्वे (बर्मी नूडल्स) मिळतं ते त्यांना दाखवलं तर ओळखणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

त्यांना आपल्याबद्दल काय माहीत? बुद्धगया, शाहरुख आणि कोलकाता. महाराष्ट्र हा शब्द कोणी ऐकलेला नाही. एका शिक्षकाने मला विचारलं, "बुद्धाला ज्ञान तुमच्याकडे झालं, मग तुम्ही बौद्ध का राहिला नाहीत?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. आणि एक कटू गोष्टही लिहायला हवी. भारतीय वंशाच्या लोकांबद्दल तिथे अढी आहे. इंग्रजांच्या काळात रंगूनमधली निम्म्याहून जास्त वस्ती हिंदुस्थानी होती. सावकार, कारकून, पोलीस, हमाल, सगळे आपले. त्यांच्या पाठ्यपुस्तकात आपण इंग्रजांच्या मागून आलेले लोक आहोत. १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा लाखो हिंदुस्थानी पायी आसाम-मणिपूरकडे निघाले आणि वाटेत हजारो मेले. १९६२ नंतर लष्करशहा ने विनच्या राजवटीत दुकानं-धंदे सरकारजमा झाले आणि पुन्हा लाखो परतले. तमिळ घरांत या आठवणी अजून आहेत, चेन्नईत बर्मा बाजार आहे. मराठी घरांत तेवढी माणसंच गेली नव्हती, म्हणून आपल्याकडे ती आठवणही नाही.

---

चिंचोके

वरचा प्रतिसाद आवडला. पण मुद्दा कायम. तुम्ही नोकरीसाठी गेलात म्हणून कळलं. घरबसल्या कोणाला काय पडलंय?

---

निळाई

चिंचोके, घरबसल्या म्हणता म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले, आराकानचे. कुशीनगरला येऊन राहिले होते. बाबासाहेब स्वतः डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्याआधी १९५० मध्ये श्रीलंकेला, आणि अगदी शेवटी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला. आमच्या वस्तीत म्हाताऱ्या बायकांनाही ही नावं माहीत असतात. त्यामुळे 'मराठी माणसाला शेजारी माहीत नाही' या वाक्यातला मराठी माणूस कोणता, हेही तपासून बघा.

आणि इगतपुरीचं विपश्यना केंद्र कसं राहिलं सगळ्यांकडून? गोएंका गुरुजी जन्माने मंडालेचे. त्यांचे गुरू ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, ऑफिस सांभाळून विपश्यना शिकवायचे. गोराईचा पॅगोडा श्वेडगॉनच्या धर्तीवर आहे. दहा दिवस मौन पाळून येणारे निम्मे लोक तरी ती विद्या कुठल्या देशाने जपून ठेवली ते विचारत नाहीत.

---

पाटपाणी

निळाई, 'कोणता मराठी माणूस' हा प्रश्न अगदी वर्मी लागला. मोंढ्यातला, बागेतला, विहारातला माणूस जाणतो. सुशिक्षित, पेपर वाचणारा, वर्षाआड थायलंडला जाणारा जाणत नाही, आणि त्याचं विमान म्यानमारवरूनच जातं. पेपरला दोष द्यावा तर मराठी वाचकापर्यंत या देशांची बातमी दिल्ली नाहीतर लंडनमार्गे येते, आणि येते तीही भूकंप, उठाव, रोहिंग्या किंवा सायबर गुलामगिरी या चार निमित्तांनी.

---

मिऱ्याबंदर

बागेचा विषय निघालाच आहे तर नेपाळचं लिहितो. कोकणातल्या आंब्याच्या बागा आज नेपाळी माणसांवर चालतात. दिवाळीनंतर येतात, जूनला जातात. माकडं हाकलणं, फवारणी, झाडावर चढून देठासकट फळ उतरवणं, पेट्या भरणं, सगळं. मिरकरवाड्याला बोटींवरही तेच. आमच्या बागेत येणारे कैलाली जिल्ह्यातले. त्यांना हापूसचा मोहोर कुठल्या थंडीत कसा येतो ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, मराठी बोलतात, वाशीच्या मार्केटातला भाव रोज फोनवर बघतात.

आणि आमच्याकडे? सरसकट सगळे 'गुरखे'. त्यांच्यातले बरेचसे थारू समाजाचे आहेत, त्यांचा गोरखा पलटणीशी काही संबंध नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूला पोरं रस्त्यावर उतरली, ओली सरकार पडलं, सुशीला कार्की पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. बागायतदारांच्या ग्रुपवर त्यावर एकच मेसेज होता : "या वर्षी माणसं वेळेवर येतील ना?"

---

हिवराळे

मिऱ्याबंदर, आपल्या देवनागरीत लिहिणारा एकमेव शेजारी देश तो, पाट्या सरळ वाचता येतात, तरी हे असं. घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं, साप्ताहिक सुट्टी शनिवारी, सरकारी साल विक्रम संवत. काठमांडूला रविवारी बँका उघड्या बघून आमचा आख्खा टूर ग्रुप चक्रावला होता. पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेलेल्या लोकांना हा वेगळा देश आहे हे पाचशेची नोट चालेना तेव्हा उमगलं.

---

वरूडकर

आम्हाला बांगलादेश पुरेपूर माहीत आहे, फुकटात नाही झालेला. वरूड-मोर्शीचा संत्रा वर्षानुवर्षं तिकडे जातो. लहान फळही घेतात, आंबटगोड चालतं, रमजानात मागणी वाढते. २०१९ नंतर त्यांनी आयात शुल्क चढवत नेलं, ते इतकं की पाठवणंच परवडेना. माल नागपूर-दिल्लीच्या बाजारात तुंबला, भाव पडले, लोकांनी झाडं तोडली.

आमच्याकडे सगळे बांगलादेशला शिव्या घालत होते. पण त्याच २०१९ च्या सप्टेंबरात आपण कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली होती. शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत हिंदीत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय, निदान आधी कळवत तरी चला. आपल्याकडे तो विनोद म्हणून टीव्हीवर चालला. तिकडे कांदा घराघरात रडवत होता. हे मला नाशिकच्या व्यापाऱ्याने सांगितलं, त्याचे ट्रक हद्दीवर अडकून कांदा सडला होता.

शहरातल्या माणसाला बांगलादेशी म्हणजे घुसखोर, एवढंच. अंगातल्या टी-शर्टची पट्टी वाचा म्हणावं. कपड्यांच्या निर्यातीत चीननंतर ज्यांचं नाव येतं ते हेच लोक.

---

सदाशिव_कराचीकर

(आयडी हौसेचा आहे, मी डोंबिवलीचा.) पाकिस्तानचं सगळ्यांना सगळं माहीत असतं असा समज दिसतो, म्हणून एक. कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होती. तिथली नावाजलेली सरकारी शाळा एनजेव्ही, म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल, १८५५ ची. वैद्य शिक्षण खात्यातले मराठी अधिकारी. फाळणीनंतर सिंधची विधानसभा काही काळ त्याच इमारतीत भरायची, आणि नाव अजून तेच आहे. कराचीत आजही थोडी मराठी कुटुंबं गणपती बसवतात. आपले चॅनेलवाले रोज रात्री पाकिस्तान पाकिस्तान ओरडतात, त्यात हे कधी आलंय?

---

चिंचोके

वैद्यांचं माहीत नव्हतं. बरं, मोंढा साहेब, एक घरगुती शंका. दुकानातल्या पाकिटावर 'बर्मा' कधीच का लिहिलेलं नसतं?

---

मोंढा_लातूर

तूर अख्खी येते, डाळ इथल्या मिलमध्ये बनते. आणि देशी तुरीबरोबर भेसळ नाही म्हणत, पण 'मिलावट' होते. पाकिटावर मिलचं नाव येतं. सुटी घेणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं तर प्रामाणिक दुकानदार सांगतो. विचारत कोणी नाही.

---

वरूडकर

पाटपाणी, बांगलादेशचा वेगळा धागा काढा. संत्र्यावर बरंच लिहायचं राहिलंय, इथे टाकलं तर ब्रह्मदेश बाजूला पडेल. आणि नाशिकवाल्यांनाही बोलवा.